घोड्याचा चट्टा आणि ‘सोमवारी बघू’

जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी लोणावळा-खंडाळ्याच्या पॉइंटांकडे जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो. धुके, भाजलेली कणसे, कांदाभजी आणि रस्त्याच्या कडेला खोगीर चढवून भिजत उभे असलेले घोडे. अशा एखाद्या घोड्याच्या खोगिराखालून केस गेलेला, रुपयाच्या नाण्याएवढा ओलसर चट्टा डोकावतो. मालकाला तो दिसलेला असतो. त्याने त्यावर हळद-तेल लावलेले असते आणि मनाशी ठरवलेलेही असते, ‘सोमवारी बघू.’ सोमवारी गर्दी ओसरते, चट्टा जरा सुकल्यासारखा दिसतो, आणि बघणे पुढच्या सोमवारवर जाते.

यात निष्काळजीपणापेक्षा हिशेब जास्त आहे. माथेरानचा धंदा पावसाळ्यात मंदावतो, लोणावळ्याचे उलटे आहे. इथे लोक पाऊस बघायलाच येतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या घाटमाथ्यावर घोड्याच्या कातडीला सगळ्यात वाईट दिवस आणि मालकाच्या गल्ल्याला सगळ्यात चांगले दिवस एकाच वेळी येतात. त्यामुळे ‘घोड्याच्या कातडीला काही झाले की लगेच डॉक्टर बोलवा’ हा सल्ला इथे कोणी पाळणार नाही. तो पाळायची गरजही नाही. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर उठणाऱ्या बऱ्याचशा चट्ट्यांना पशुवैद्य लागत नाही. मात्र ज्या थोड्यांना लागतो, त्यांना तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच लागतो. हा फरक कसा ओळखायचा, हा खरा प्रश्न आहे. आणि ‘चट्टा केवढा आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे, जरी सगळे तेवढेच पाहत असले तरी.

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे पावसाने कातडी खराब होणे. त्यामागे डर्माटोफिलस नावाचा जीवाणू असतो. कोरड्या, धडधाकट कातडीवर त्याचे काही चालत नाही. कातडी दिवसेंदिवस ओली राहिली, माशांनी किंवा दोरीने थोडी खरचटली, की तो आत शिरतो. पाठीवर, पुठ्ठ्यावर, जिथून पाणी ओघळते त्या रेषेत केसांचे पुंजके चिकटतात. रंगाचा ब्रश न धुता वाळवला तर त्याचे केस जसे दिसतात, तसे. पुंजका खपलीसकट निघतो आणि खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसते. हात लावला की घोडा अंग चोरतो.

याच्यावरचा मुख्य उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. घोडा कोरडा ठेवणे हाच तो उपाय. खपल्या कोमट पाण्याने मऊ करून, ओढून न काढता, सुटतील तेवढ्याच काढाव्यात. जखमेसाठीच्या साध्या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणाने धुऊन अंग नीट पुसावे. निघालेल्या खपल्या गोळा करून टाकाव्यात, कारण जंतू त्यांतच असतात. त्या घोड्याचा खरारा आणि नमदा दुसऱ्या घोड्याला वापरू नये. घोडा कोरड्यात राहिला तर हे दुखणे बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप मागे हटते. अंगावर प्लास्टिकचा कागद बांधून घोडा उभा केला की कोरडेपणा साधला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आतला घाम बाहेर जात नाही आणि कातडी शिजल्यासारखी होते. त्यापेक्षा वरून शेड आणि खालून निचरा असलेली चार पावले जागा बरी.

खुरामागच्या खळग्यातही असेच होते. माणसाच्या पायाला चिखल्या होतात, तशीच ती भेगाळलेली, खपल्या धरलेली कातडी. इथे मात्र एक गोष्ट विसरू नये. त्या भेगांमधून जंतू आत गेले तर एखादा पाय रात्रीतून खांबासारखा सुजतो, गरम लागतो, घोडा तो टेकवत नाही. असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर लागतो. सोमवारपर्यंत थांबता येत नाही.

खोगिराखालची जखम ही वेगळी गोष्ट. तिला रोग म्हणणेच चूक आहे. ती खोगिराची, तंगाची किंवा ओल्या नमद्याची करणी असते. जखमेच्या जागी नंतर येणारे पांढरे केस बाजारातल्या कितीतरी घोड्यांच्या पाठीवर दिसतात, ती जुन्या जखमांची सहीच. या जखमेवर कोणतेही मलम लावून वरून पुन्हा खोगीर चढवले तर मलमाचा उपयोग शून्य. जखमी किंवा आजारी असल्यामुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराकडून काम करून घेणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे, हे पर्यटकांनाही माहीत असायला हवे. खोगिराची कड उचलून पाहायला सांगायला दहा सेकंद लागतात. पण ज्या घोड्याच्या खोगिराखाली जखम आहे तो नाकारून त्याच मालकाचा दुसरा घोडा घेणे, हे त्या मालकाला दमदाटी करण्यापेक्षा जास्त परिणाम करते.

आता ज्या जखमेमुळे थांबण्याची सवय खरोखर महागात पडते, तिच्याकडे वळायला हवे. घोडेवाले तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘बरसाती’ म्हणत आले आहेत. पावसाळ्यात उमटते म्हणून बरसाती. इंग्रजांच्या लष्करातल्या पशुवैद्यांनी एकोणिसाव्या शतकात हा शब्द जसाच्या तसा आपल्या पुस्तकांत उचलला आणि तिच्या कारणाबद्दल बराच काळ वाद घातला. कोणाला ती बुरशी वाटली, कोणाला कर्करोग. जखमेत सापडणारे पिवळट, खरखरीत कण पाहून त्यांनी त्यांना ‘कंकर’ म्हटले, तोही इथलाच शब्द. एका नावाखाली निदान दोन वेगळे रोग लपलेले होते, हे बऱ्याच नंतर उलगडले.

पहिला रोग जंतांचा. हॅब्रोनेमा नावाचे जंत घोड्याच्या जठरात राहतात. त्यांची अंडी-पिल्ले लिदीतून बाहेर पडतात. लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांत ती शिरतात आणि माशीबरोबर मोठी होतात. माशी घोड्याच्या ओठांवर बसली तर ती पिल्ले तोंडावाटे पुन्हा जठरात पोचतात आणि त्यांचा फेरा पूर्ण होतो. पण माशी जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यावर किंवा मूत्रेंद्रियाच्या ओलसर कातडीवर बसली तर पिल्ले तिथेच मांसात अडकतात. ती तिथे वाढू शकत नाहीत आणि जखमेला भरूही देत नाहीत. दाणेदार, लाल, सतत पाझरणारे मांस वाढत राहते. थंडी पडली, माशा कमी झाल्या, की जखम आक्रसते. पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा उघडते.

‘थंडीत आपोआप जाते’ हा अनुभव खोटा नाही, तो इथून येतो. आणि घात होतो तोही इथूनच. दुसरा रोग सुरुवातीला अगदी असाच दिसतो, पण तो थंडीची वाट पाहत नाही. पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यात आणि दलदलीत राहतो. गुडघाभर पाण्यात चरणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायावर किंवा पोटाखाली एखादा ओरखडा असेल तर तो तिथून आत जातो. मग जखम काही आठवड्यांत बशीएवढी होते. तिच्यातून चिकट स्राव गळतो आणि खाज इतकी की घोडा स्वतःच स्वतःचे मांस चावून काढतो. लहान असताना शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता आली तर घोडा वाचू शकतो. हाडापर्यंत गेल्यावर फारसे काही हातात उरत नाही. पवनेच्या पाणलोटातली भाताची खाचरे, डबकी आणि पावसाळी गवताळ पाणथळ जागा पाहता मावळातल्या घोडेवाल्याने ही शक्यता डोक्यात ठेवलीच पाहिजे.

दोन्हींतला फरक डोळ्यांनी सांगणे अनुभवी पशुवैद्यालाही अवघड जाते. मांसाचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. जखमेत जास्तीचे मांस वाढते तेही असेच दिसते, आणि सार्कॉइड नावाची घोड्यांमध्ये सर्रास आढळणारी कातडीची गाठही. सार्कॉइडला उगीच कापले-डागले तर ती आणखी चेवाने वाढते. म्हणून पावसाळ्यात जी जखम आठवडाभरात आकसण्याऐवजी वाढते आहे, जिच्यातून दाणे निघतात किंवा जी घोडा चावतो आहे, तिच्याबाबत ‘बरसाती आहे, जाईल’ हे निदान मालकाने करू नये. जंतांची बरसाती निघाली तर औषध आहे आणि ते वजनानुसार द्यावे लागते. त्याच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे तबेल्याशेजारचा लिदीचा ढीग. तो पावसाळाभर दाराशी पडून असेल तर जखमेवरच्या औषधाचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजावे.

घरगुती उपायांची थट्टा करण्याची एक शहरी सवय आहे. ती इथे नको. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी किंवा माशा दूर ठेवायला लावलेले करंजाचे तेल सहसा बिघडवत नाही. बिघडवतात ते जहाल उपाय. रॉकेल, जळके इंजिन ऑइल, पाण्यात न मिसळलेले फिनाईल, मोरचुदाची पूड, तापलेल्या लोखंडाचा डाग. हे सगळे कातडी जाळतात आणि नंतर आलेल्या डॉक्टरला मूळ रोग कोणता होता हे कळण्याची सोयच उरत नाही.

अलीकडे त्यांत भर पडली आहे औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या माणसांच्या मिश्र मलमांची. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचे औषध. स्टेरॉइडमुळे लाली दोन दिवसांत उतरते, ‘गुण आला’ असे वाटते, आणि दबलेली बुरशी खाली पसरत राहते. याच मलमांच्या बेसुमार वापराने भारतात माणसांमधला गजकर्ण किती हट्टी झाला, हे त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षे सांगत आहेत. घोड्यालाही गजकर्ण होतो. गोल, केस गेलेले, राखाडी पापुद्रा असलेले चट्टे, बरेचदा खोगीर आणि तंगाच्या जागी, कारण तो याच सामानातून पसरतो. घोड्याला त्याचा त्रास फार नसतो. पण त्याच्यावर दिवसाला कित्येक मुले उघड्या पायांनी बसतात. घोड्यावर गोल चट्टा आणि सांभाळणाऱ्याच्या हातावर तसाच चट्टा, ही जोडी दिसली की घोड्याला पशुवैद्याकडे आणि माणसाला डॉक्टरकडे जायला हवे. तोवर त्या घोड्यावर फेरी नको.

कातडीवर दिसते पण दुखणे कातडीचे नसते, असेही होते. अंगावर अचानक पित्तासारख्या गांधी उठल्या आणि घोडा खातो-पितो आहे, तर बहुधा कीटक चावला असेल किंवा खाद्य बाधले असेल. त्या काही तासांत उतरतात. गांधींबरोबर तोंड सुजले, श्वास घरघरू लागला तर क्षणही दवडू नये. पोटाखाली आणि पायांवर मऊ सूज, अधूनमधून येणारा ताप, खाऊनही खंगत जाणे हे सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचे लक्षण असू शकते. तो चावणाऱ्या मोठ्या माशांमुळे पसरतो आणि रक्त तपासून ओळखता येतो. नाकावरची, पायावरची फक्त पांढरी कातडी सोलपटून निघत असेल आणि काळी-तांबडी शाबूत असेल तर कधी कधी दोष यकृतात असतो. आणि खिळा, तार, दगड यांनी झालेली जखम कितीही लहान असो, धनुर्वाताची लस झालेली नसेल तर ती लहान नसते. धनुर्वाताला घोड्याइतके नाजूक जनावर क्वचितच. माणसाला वाचवणारे धनुर्वाताचे प्रतिविष अनेक दशके घोड्यांच्याच रक्तातून काढले जात होते, आणि सर्पदंशावरचे आजही तसेच काढले जाते. इतके उपकार असलेल्या जनावराला लस देण्याचा खर्च एखाद-दोन फेऱ्यांच्या कमाईत भागतो.

राहिला तो रोग, ज्याचे नाव काढले की घोडेवाले गप्प होतात. ग्लँडर्स. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने माळेसारख्या गाठी येतात, त्या फुटून मधासारखा चिकट पू वाहतो. कधी नाकातून घट्ट स्राव, ताप, खोकला. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. त्याला लस नाही. २००६ साली देशात त्याने पुन्हा डोके वर काढले ते महाराष्ट्रातच. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे आणि तपासणीत पक्का ठरलेला घोडा मारावाच लागतो.

घोडे अडते ते इथे. गाठ दाखवली आणि उद्या घोडाच गेला तर? या भीतीने गाठ झाकली जाते. घोडा स्वस्तात दुसऱ्या गावी विकला जातो आणि रोगही त्याच्याबरोबर गावोगाव फिरतो. सरकारी योजनेत मारलेल्या जनावराची भरपाई आहे, पण ती वेळेवर मिळाल्याचे शेजारच्या घोडेवाल्याने डोळ्यांनी पाहिलेले असेल, तरच पुढचा माणूस गाठ दाखवायला येईल. कायद्याचा धाक इथे फारसा उपयोगी नाही. चेक लवकर पोचला पाहिजे. हिवाळ्यात सारंगखेडा किंवा माळेगावच्या बाजारातून घोडा आणणाऱ्याने मात्र स्वतःपुरते एवढे करावे, की नव्या घोड्याला दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे आणि त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

पशुवैद्य मिळत नाही, ही तक्रारही खोटी नाही. मावळातल्या सरकारी दवाखान्यांचा दिवस गायी-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांत जातो, घोडा तिथे अपवादाने येतो. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्याला जे डॉक्टर मिळतात ते साठ-पासष्ट किलोमीटरवर आहेत आणि त्यांची फी वेगळ्या जगातली आहे. तरीही १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे, आणि औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, जिथे नमुना पाठवता येतो. बैलगाडा शर्यतींना परवानगी देताना राज्याने बैलांची पशुवैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो कायदा उचलून धरला. मावळातल्या घाटात एका दिवशी धावणाऱ्या बैलांसाठी जे शक्य झाले, ते लोणावळ्यात चार महिने माणसे वाहणाऱ्या घोड्यांसाठी का होऊ नये? पावसाळ्याआधीचे एखादे शिबिर पुरणार नाही, कारण तेव्हा कातडी चांगलीच असते. पथक जुलै-ऑगस्टमध्ये दर मंगळवारी-बुधवारी घोडे उभे राहतात त्या ठिकाणीच यायला हवे. त्या दिवशी गिऱ्हाईक नसते, तपासणीने कोणाचा धंदा बुडत नाही.

तोवर मालकाच्या खिशातला फोन पुष्कळ काम करू शकतो. चट्टा दिसला त्या दिवशी त्याच्याशेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढावा. दर दोन दिवसांनी त्याच उजेडात, तसाच, पुन्हा. सकाळी घोडा कामाला लावण्याआधी गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप पाहावा. घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते, त्याच्या वर गेले की लिहून ठेवावे. खाणे कमी झाले का, तेही. सातव्या दिवशी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून बघावेत. कड आत सरकली असेल तर कोरडे ठेवणे चालू द्यावे. तिथेच असेल किंवा बाहेर सरकली असेल तर फोन १९६२ ला. ताप, एका पायाची सूज, ओळीने गाठी, डोळ्याजवळची जखम, जखमेत अळ्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगावर तसाच चट्टा, यांपैकी काही असेल तर सात दिवस मोजायचेच नाहीत. आलेल्या डॉक्टरला घोड्यांचा अनुभव कमी असला, तरी नाण्याशेजारचे ते चार फोटो आणि तापाचे आकडे पाहून तो औंधला नमुना पाठवायचा की नाही हे ठरवू शकतो. जाळलेल्या, डागलेल्या, तीन मलमांनी माखलेल्या जखमेवरून ते ठरवणे कोणालाही जमणार नाही.